रोटेनबुर्गला जायचं, तर रात्र तिथंच काढा

युरोपातली तटबंदीच्या आतली जुनी गावं कशी बघावीत, यावर खानदेशातल्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांनी जर्मनीतल्या रोटेनबुर्गबद्दल विचारलं आहे, त्यामुळे उत्तरंही मुख्यतः त्याच गावाभोवती फिरतात.

प्रश्न : सहल कंपनीच्या कार्यक्रमात 'रोटेनबुर्ग – तीन तास' असं लिहिलं आहे. तेवढा वेळ पुरेल का? (निवृत्त शिक्षिका, जळगाव)

ताई, नाही पुरणार. तीन तासांत बाजारचौक होतो, प्ल्योनलाइन नावाच्या तिठ्यावरचा फोटो होतो, एखाद्या दुकानात खरेदी होते आणि बसची वेळ भरते. बसेस साधारण सकाळी अकराच्या पुढे येतात आणि चार-पाचला निघून जातात. म्हणजे गाव सगळ्यात गजबजलेलं असतं, नेमकं तेव्हाच तुम्ही तिथं असता. कंपनी बदलणं शक्य नसेल तर निदान स्वतःहून जाणाऱ्यांनी तरी एक रात्र, जमल्यास दोन रात्री, तटाच्या आत मुक्काम करावा. आमचा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हाच आहे.

मुक्काम असेल तर वेळ अशी लावा. दुपारी चारच्या सुमारास पोहोचा, सामान टाका आणि बुर्गगार्टन या बागेत जा. ११४२ मध्ये बांधलेला राजवाडा-किल्ला इथंच होता. १३५६ च्या भूकंपात तो पडला. बागेच्या कठड्यावरून खाली टाउबर नदीचं खोरं आणि डाव्या हाताला तटावरच्या बुरुजांची रांग दिसते. गाव टेकाडाच्या टोकावर का वसवलं, हे इथं उभं राहिलं की सांगावं लागत नाही. रात्री आठला बाजारचौकात नगरभवनासमोर हातात कंदील आणि भाला घेतलेला रात्रीचा पहारेकरी येतो आणि तासभर इंग्रजीतून गाव फिरवतो. साडेनऊची फेरी जर्मनमधून असते. आधी नाव नोंदवावं लागत नाही, पैसे शेवटी रोख द्यायचे, म्हणून सुटे युरो जवळ ठेवा. हा फेरफटका मार्चच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत चालतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा-सातला तटावर चढा. तटावरून चालायला तिकीट नाही. लाकडी छपराखालची ही वाट जवळजवळ अडीच किलोमीटर मिळते. थांबत, बघत चाललं तर दीड ते दोन तास. पूर्वेकडच्या र्योडरटोर दरवाजाजवळ दगडी जिना आहे, तिथून सुरुवात सोपी पडते. वाट एवढी अरुंद आहे की समोरून माणूस आला तर एकाला अंग चोरून उभं राहावं लागतं. गर्दीच्या वेळी चढलं तर चालणं कमी आणि थांबणं जास्त, म्हणून सकाळचीच वेळ. उंच माणसांनी तुळयांना डोकं जपावं. पायाखाली दगड उंचसखल आहेत, तेव्हा चप्पल नको, रबरी तळाचे बंद बूट हवेत.

महिना कोणता? जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, पण २३ डिसेंबरपर्यंत नाताळचा बाजार भरतो. मात्र त्या दिवसांत खोल्या महाग आणि दगडी रस्त्यावर बर्फाचा गुळगुळीत थर. खानदेशच्या उन्हात वाढलेल्या माणसाला एप्रिलचा शेवट, मे किंवा सप्टेंबर बरा. तरी जाड स्वेटर आणि छत्री हवीच.

प्रश्न : हे गाव दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालं होतं असं वाचलं. मग आपण जे बघतो ते मध्ययुगीन आहे की नंतर बांधलेलं? (अमळनेर)

दोन्ही, आणि कुठलं कोणतं हे डोळ्यांनी ओळखता येतं.

३१ मार्च १९४५ रोजी अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकले आणि जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग गेला. तीनशेहून अधिक घरं, अनेक बुरुज आणि तटाचा मोठा तुकडा त्यात पडला. मार मुख्यतः पूर्वेकडच्या अर्ध्या भागाला बसला. पश्चिम आणि दक्षिणेकडचा भाग वाचला. त्यात रुंद हेर्नगासे रस्ता आणि प्ल्योनलाइन आलं. पुढच्या महिन्यात तोफांनी उरलेलंही पडलं असतं. पण अमेरिकी युद्धखात्यातले जॉन मॅक्लॉय यांना गावाचं मोल ठाऊक होतं. त्यांच्या सांगण्यावरून तोफा थांबवल्या गेल्या आणि गाव न लढता ताब्यात देण्यात आलं.

पुन्हा बांधताना गावाने एक नियम पाळला : घराची जागा, रस्त्याची वळणं, छपराचा उतार आणि त्रिकोणी दर्शनी भिंत पूर्वीसारखीच ठेवायची, नक्षीची नक्कल मात्र करायची नाही. म्हणून पूर्वेकडच्या घरांच्या भिंती साध्या, सपाट गिलाव्याच्या दिसतात, खिडक्या एका मापात आणि एका ओळीत. पश्चिमेकडे जा : चौकटी वाकलेल्या, मजले थोडे पुढे झुकलेले, दोन खिडक्या एका उंचीवर नाहीत. दुरून छपरांचा मेळ एकच वाटतो, जवळ गेल्यावर वय कळतं.

तटावर चालताना भिंतीत बसवलेल्या, नावं कोरलेल्या दगडी पाट्या बघा. तटाच्या दुरुस्तीसाठी जगभरातून देणग्या आल्या. ज्यांनी काही मीटर भिंतीचा खर्च उचलला, त्यांची नावं तिथं आहेत. जपानी नावं बरीच दिसतील. 'हे खोटं आहे' असं कोणी म्हणालं तर आम्हाला ते पटत नाही. आपल्याकडे गढीचा बुरूज ढासळला की त्याचेच दगड दुसऱ्या घराच्या पायात जातात. इथं दगड परत तटात गेले.

आणखी मागे जाऊन विचारायचं, की १९४५ पर्यंत तरी हे गाव एवढं जुनं कसं राहिलं? गरिबीमुळे. १२७४ पासून ते थेट सम्राटाच्या अखत्यारीतलं मुक्त नगर होतं, श्रीमंत होतं. तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ मध्ये, कॅथलिक पक्षाचा सेनापती टिली याच्या फौजेनं ते घेतलं. त्यानंतर व्यापार गेला तो गेलाच. नवी घरं बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनी राहिली. एकोणिसाव्या शतकात चित्रकार इथं येऊ लागले, मागून प्रवासी आले, आणि तोवर जुनं जपण्यातच गावाचं हित आहे हे गावकऱ्यांना कळलं.

बाजारचौकातल्या घड्याळाच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या सकाळी दहा ते रात्री दहा दर तासाला उघडतात आणि एक बाहुला मोठा पेला तोंडाला लावतो. नुश नावाच्या नगराध्यक्षाने सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन टिलीकडून गाव वाचवलं, अशी ती दंतकथा. त्यावरचं नाटक १८८१ मध्ये पहिल्यांदा झालं आणि कथा तिथून घट्ट झाली. इतिहास म्हणून घेऊ नका. खिडक्या मिनिटभरातच मिटतात, तेव्हा दोन मिनिटं आधी उभे राहा.

प्रश्न : मी स्थापत्य पदविकेचा विद्यार्थी आहे. दरवाजे आणि घरं बघताना नेमकं काय बघावं? (धुळे)

आधी पारोळ्याचा भुईकोट नीट बघून या. खंदक, तट, बुरूज, दरवाजा ही बेरीज एकदा डोक्यात बसली की रोटेनबुर्ग वाचता येतं.

बुर्गटोर या पश्चिमेकडच्या दरवाजावर दगडी मुखवटा आहे. त्याच्या उघड्या तोंडातून हल्लेखोरांवर तापलेलं डांबर ओतत. दरवाजाच्या मोठ्या फळीत एक माणूस वाकून जाईल एवढी छोटी खिडकी आहे. आपला दिंडी दरवाजाच. कामही तेच : रात्री मोठा दरवाजा न उघडता एकेकाला आत घ्यायचं, म्हणजे फौज घुसत नाही.

दक्षिणेच्या टोकाला श्पिटाल बुरूज आहे, तो मात्र तोफांच्या काळातला, सोळाव्या शतकाच्या शेवटाकडचा. आकार इंग्रजी आठसारखा, आत दोन लंबगोल चौक आणि एकामागून एक सात दरवाजे. रस्ता मुद्दाम वळवलेला आहे, त्यामुळे पहिला दरवाजा फुटला तरी दुसऱ्यावर सरळ तोफ लागत नाही. वरच्या मजल्यावर तोफांच्या खिडक्या बघता येतात. दिवसाच्या सहलीतले लोक इथवर फारसे येत नाहीत आणि विद्यार्थ्यासाठी तर गावातली हीच सगळ्यात मोलाची जागा.

मार्कुस बुरूज आणि त्याला चिकटलेली कमान गावाच्या आत, मध्येच उभी दिसते. गाव वाढण्याआधीचा पहिला तट इथून जात होता. शेजारच्या गल्लीचं नाव 'आल्टर श्टाटग्राबेन', म्हणजे जुना खंदक. त्याच गल्लीत १२७० सालचं कारागिराचं घर संग्रहालय म्हणून ठेवलं आहे : अकरा बुटक्या खोल्या आणि घरातच विहीर. गाव टेकाडावर आणि नदी खूप खाली, त्यामुळे वेढा पडला तर पाणी तटाच्या आतच हवं, हा हिशेब सगळीकडे दिसतो. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा बघितलेल्या माणसाला ही काळजी लगेच ओळखीची वाटेल.

घरांचं तंत्र असं. लाकडाचा सांगाडा उभा करायचा, खांब, आडव्या तुळया आणि तिरके टेकू. मधल्या चौकटींत काड्या विणायच्या, त्यावर भुसा मिसळलेली माती थापायची आणि चुन्याने पांढरं करायचं. भार सगळा लाकडावर, मातीवर काहीच नाही. आपल्या धाब्याच्या घरातही तुळया-खांबच भार घेतात, पण आपलं छत सपाट, वर पांढऱ्या मातीचा थर, कारण पाऊस कमी. तिथं बर्फ साचू नये म्हणून छप्पर उभट. त्या उंच छपराखाली दोन-तीन माळे निघतात आणि ते धान्याचं कोठार असतात. आपण बळदात आणि पेवात धान्य ठेवलं, त्यांनी माळ्यावर. दर्शनी भिंतीच्या टोकाला बाहेर आलेली तुळई आणि खाली छोटी दारं दिसली, तर ती पोती ओढून वर घ्यायच्या कप्पीची जागा समजा. लाकडी घरं कुजतात ती खालून : जमिनीलगतच्या आडव्या तुळईला ओल लागते. म्हणून बहुतेक घरांचा तळमजला दगडी आहे. वहीत हे जोड काढून घ्या, फोटोत खोली कळत नाही.

प्रश्न : मी केळी उत्पादक आहे. नोकरी नाही, पगारपत्रक नाही. व्हिसा मिळेल का? (रावेर)

पगारपत्रक नाही म्हणून व्हिसा अडत नाही. अडतो तो पैशाचा माग लागत नाही म्हणून. तुमच्या खात्यात पैसा महिन्याला न येता घड कापल्यावर एकदम येतो. अधिकाऱ्याला ती एक मोठी रक्कम संशयास्पद दिसू शकते. म्हणून त्या प्रत्येक जमेला जोडून व्यापाऱ्याची पट्टी किंवा विक्रीची पावती द्या. सोबत सातबारा, आठ-अ, मुदत ठेवीच्या पावत्या, विवरणपत्र भरत असाल तर ते. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडा. निघायच्या आठवडाभर आधी नातेवाइकाकडून लाखभर रुपये खात्यात टाकून घेणं, ही सगळ्यात नेहमीची चूक.

बाकी नियम सर्वांना सारखे. शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. नकार आला तरी ते परत मिळत नाही. किमान ३० हजार युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांहून उशिरा नाही. उन्हाळी सुट्टीसाठी बोटांच्या ठशांची वेळ लवकर संपते, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच धरा. अनेक देश फिरणार असाल तर जिथं सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज, रात्री सारख्या असतील तर जिथं आधी उतरणार तिथं.

एक बारीक गोष्ट. मुंबईहून जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, रात्री १:३० असेल, तर तुम्हाला ११ च्या रात्री विमानतळावर पोहोचायचं आहे. भुसावळहून त्या दिवशीची दुपारची गाडी धरून चालणार नाही. गाडी चार-पाच तास लेट झाली तरी चालेल, अशी निवडा.

प्रश्न : जर्मनीत उतरल्यावर रेल्वेने रोटेनबुर्गला कसं जायचं? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

तुम्हाला जंक्शनवर गाडी बदलायची भाषा समजते, म्हणून थोडक्यात. मुख्य मार्गावर श्टाइनाख नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथून रोटेनबुर्गचा फाटा निघतो, वीस मिनिटांच्या आतला प्रवास, साधारण तासाला एक छोटी गाडी. न्यूर्नबेर्गहून आलात तर आन्सबाख आणि श्टाइनाखला बदलून साधारण सव्वा ते दीड तास. फ्रांकफुर्ट विमानतळावरून व्युर्त्सबुर्गपर्यंत वेगवान गाडी, पुढे श्टाइनाख. बदलायला मिनिटं थोडीच मिळतात. आधीची गाडी उशिरा आली तर तासभर थांबायची तयारी ठेवा. रोटेनबुर्ग स्टेशनपासून र्योडरटोर दरवाजा सपाट रस्त्याने दहा मिनिटं.

तिकीट काढताना गावाचं पूर्ण नाव, 'ओब डेर टाउबर' सकट, टाका. रोटेनबुर्ग नावाची गावं जर्मनीत अनेक आहेत : एक फुल्डा नदीवर, एक व्युमे नदीवर, एक पार पूर्वेला पोलंडच्या सीमेशी, शिवाय नेकार नदीवरचं रोट्टेनबुर्ग वेगळंच. आपल्याला हवं त्याच्या रोमन स्पेलिंगमध्ये 'टी'नंतर 'एच' येतो, पण पोलंडच्या सीमेजवळच्या गावातही तो आहे, म्हणून नदीचं नाव बघाच. चुकीच्या गावाचं हॉटेल आरक्षित होणं सहज घडतं.

पाच जणांपर्यंत मिळून 'बायर्न टिकेट' हे एकदिवसीय तिकीट स्वस्त पडतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच चालतं, वेगवान गाड्यांत चालत नाही, आणि प्रत्येकाचं नाव त्यावर लिहावं लागतं. फ्रांकफुर्ट बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या बाहेर आहे, त्यामुळे तिथून ते धरू नका. न्यूर्नबेर्ग किंवा म्युन्शेन (म्युनिक) इथून धरा.

प्रश्न : गुडघे दुखतात. चढ किती आहे? (चाळीसगाव)

गावाच्या आत चढ सौम्य आहे, खरा त्रास दगडी फरसबंदीचा. नगरभवनाचा मनोरा टाळा : २२० पायऱ्या आणि शेवटचा टप्पा शिडीसारखा अरुंद. खाली नदीवरच्या दुहेरी पुलापर्यंत उतरणं सोपं वाटतं, परत चढताना गुडघे बोलतात. तटावर एकच जिना चढून थोडं चालून त्याच जिन्याने परत या, अनुभव तोच. चाकांची बॅग दगडांवर अडते आणि चाक तुटतं, म्हणून पाठीवरची पिशवी घ्या.

प्रश्न : सेंट याकोब चर्चमध्ये बघण्यासारखं काय? (शिरपूर)

वरचा मजला. बहुतेक लोक समोरची मुख्य वेदी बघून बाहेर पडतात आणि टिलमान रीमेनश्नायडरचं लाकडातलं काम बघायचंच राहतं. ते पश्चिमेकडच्या सज्जावर आहे, मागच्या जिन्याने वर जावं लागतं. १५०५ च्या सुमारास पूर्ण झालेली ही वेदी लिंडनच्या लाकडात कोरली आहे, तिला रंग नाही. मागून येणारा उजेड हाच तिचा रंग. येशूच्या अखेरच्या भोजनाच्या दृश्यात मधोमध येशू नाही, दगा देणारा जुडास उभा आहे. हे का केलं असावं, यावर तिथं बसून दहा मिनिटं विचार करावा. मुक्ताईनगरहून पालखी पंढरपूरला निघते तसे याकोबच्या वाटेवरचे यात्रेकरू इथं थांबत आणि वेदीत जपलेल्या पवित्र रक्ताच्या अवशेषाचं दर्शन घेत.

खालच्या मुख्य वेदीवर १४६६ ची फ्रीडरिश हेर्लिनची चित्रं आहेत. तिच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. संताच्या गोष्टीत रंगवलेला चौक हा रोटेनबुर्गचाच बाजारचौक आहे.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, अंडंही खात नाही. खायचे हाल होतील का? (शहादा)

माहिती असेल तर नाही. फसवणाऱ्या गोष्टी या : बटाट्याचं सॅलड तिथं बऱ्याचदा मांसाच्या रश्श्यात कालवतात. मसुराच्या सूपमध्ये डुकराची चरबी किंवा सॉसेज असतं. चीज घातलेलं श्पेत्सले (जाड शेवयांसारखा पदार्थ) शाकाहारी म्हणून मिळतं, पण त्याच्या पिठात अंडं असतं. गावाची खूण असलेला श्नेबालेन, म्हणजे शंकरपाळ्यासारख्या पिठाच्या पट्ट्यांचा गोळा करून तळलेला आणि पिठीसाखर भुरभुरलेला पदार्थ, त्यातही अंडं आणि बहुधा थोडी दारू असते.

'ओने फ्लाइश, ओने फिश, ओने आय' एवढं पाठ करा : मांस नको, मासे नको, अंडं नको. 'ओने श्पेक' म्हणजे चरबीचे तुकडे नकोत. भाजलेला बटाटा, सॅलड, ब्रेड, फलाफल चालेल. दोन रात्रींसाठी स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर खिचडी लावा. रविवारी किराणा दुकानं बंद असतात, शनिवारीच सामान आणा. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

प्रश्न : रोटेनबुर्गला गर्दी फार असते म्हणतात. दुसरं गाव सुचवा. (चोपडा)

न्योर्डलिंगेन. तिथला तट अखंड गोल आहे, सुमारे २.७ किलोमीटर, आणि छपराखालून पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. रोटेनबुर्गला हे नाही. चर्चचा मनोरा ९० मीटर, ३५० पायऱ्या. रात्री दहा ते बारा वरून पहारेकरी दर अर्ध्या तासाला हाक देतो. आणि हे गाव ज्या खोलगटात आहे तो उल्केच्या आघाताने झालेला आहे, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचा. लोणारचं विवर बघितलं असेल तर अंदाज येईल : लोणार पावणेदोन किलोमीटरचं, हे सुमारे चोवीस. चर्चच्या दगडात त्या आघातात तयार झालेले सूक्ष्म हिरे आहेत, डोळ्यांना न दिसणारे.

बेल्जियमचं ब्रुगे सुंदर आहे, पण ते कालव्यांचं शहर, तट बघायचा असेल तर तिथं नाही. इटलीतल्या सान जिमिन्यानोला चौदा उंच मनोरे उरले आहेत, अर्धा दिवस पुरे. फ्रान्सच्या कार्कासोनचा दुहेरी तट भव्य आहे. मात्र तो एकोणिसाव्या शतकात स्थापत्यकार व्हियोले-ल-द्युक यांनी बराच नव्याने उभा केला, हे मनात ठेवून बघा.

प्रश्न : सोबत घरचं काय नेता येईल? पेढे, तूप, दशमी? (यावल)

दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणून पेढे, खवा, तूप, पनीर घरीच ठेवा, आणि दुधात भिजवलेल्या दशमीऐवजी तेलातले ठेपले घ्या. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पापड चालतात. लोणचं हातातल्या बॅगेत नको, तिथं द्रवाची मर्यादा १०० मिलिलिटरची. मोठ्या बॅगेत दोन पिशव्यांत बांधून टाका. ताज्या फळांना बहुतेक वेळी रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, पण पाच फळांना त्यातून सूट आहे : अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि केळी. म्हणजे यावलची केळी जातील. थोडी कच्ची निवडा, आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवा.